अप्रतिहत चक्र : नाणेघाटापासून बुद्धविहारापर्यंत

नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात डाव्या-उजव्या भिंतींवर जो लांबलचक ब्राह्मी लेख आहे, त्यात राजासाठी एक विशेषण आले आहे : ‘अप्रतिहतचक’. ज्याचे चक्र कोणी अडवू शकत नाही, असा. त्याला लागूनच ‘दक्षिणापथपती’ हे दुसरे विशेषण येते. हा राजा म्हणजे नागनिकेचा पती सातकर्णी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लेख जागोजागी तुटला आहे, त्यामुळे वाद आहेत. पण हे विशेषण शाबूत आहे. कर्नल साइक्स यांनी 1828 मध्ये हे लेणे विद्वानांच्या नजरेस आणले, पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी लेख वाचला, आणि तेव्हापासून त्यातील यज्ञ, दक्षिणा व अंकचिन्हे यांवर भरपूर लिहिले गेले. या एका विशेषणापाशी मात्र फारसे कोणी थांबलेले दिसत नाही. मुरबाड तालुक्यात माझे बरेच आयुष्य गेले. वैशाखऱ्याकडून घाट चढून मी अनेकदा त्या लेण्यात बसलो आहे, आणि दर वेळी हाच शब्द माझ्यासोबत खाली उतरला आहे. कारण घाटाखालच्या गावांत, मुरबाडात आणि शेजारच्या शहापुरात, चक्र आजही भिंतींवर आहे. ते वेगळे चक्र आहे.

आधी राजाच्या चक्राचे पाहू. संस्कृत-प्राकृतात चक्र म्हणजे रथाचे चाक, आणि त्यावरून राजाच्या सत्तेचे मंडळ. रथ जिथवर बिनअडथळा जातो तिथवर राज्य. चक्रवर्ती या शब्दातही हेच चाक आहे. नाणेघाटचा लेख या कल्पनेला साजेसाच आहे. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची नावे आणि प्रत्येकापुढे दक्षिणेचा हिशेब : एके ठिकाणी 11,000 गायी आणि 1,000 घोडे, दुसरीकडे 24,400 कार्षापणे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते : सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार, महारठी. डोक्यावर प्रत्येकाचे नाव कोरलेले. आज पुतळे गेले आहेत. नावे आणि काही पावलांच्या खुणा उरल्या आहेत.

यात एक गंमत आहे. ज्या जागी ‘अप्रतिहत चक्र’ असे कोरले, त्या जागी चाक पोहोचूच शकत नाही. नाणेघाट ही पायऱ्यांची, दगडी फरसबंदीची, अरुंद खिंडीची वाट आहे. कल्याण बंदराचा माल जुन्नरकडे जायचा तो बैलांच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून भडोचला नेला जात असल्याचा उल्लेख आहे; तो मार्ग वेगळा, उत्तरेचा. इथे गाडी पायथ्याशी सुटायची. माथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत, असे सगळे सांगतात. ते खरे असो वा नसो, राजाचे चक्र इथे फिरत होते ते मालावरच्या कराच्या रूपाने, हे मानायला हरकत नाही.

लेखाच्या आरंभी देवतांना वंदन आहे. अगदी सुरुवातीची अक्षरे तुटली आहेत. उरलेल्यांत पहिले नाव ‘धम्म’, मग इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल. अलीकडे काही उत्साही मंडळी या ‘नमो धम्मस’वरून नागनिका बौद्ध होती असे सांगतात. ते मला पटत नाही. ज्या लेखात अश्वमेधाच्या दक्षिणा मोजल्या आहेत, तिथला धम्म हा देवतांच्या रांगेत बसलेला धर्म आहे, बुद्धाने शिकवलेला नव्हे. धम्माचा बौद्ध अर्थ शोधायचा तर या लेखाच्या बाहेर जावे लागते. पण फार लांब नाही.

पाली परंपरेनुसार बुद्धाने आषाढी पौर्णिमेला वाराणसीजवळ इसिपतनाच्या मृगदावात पाच भिक्खूंना पहिला उपदेश केला. दोन टोके टाळणारा मधला मार्ग, चार आर्यसत्ये आणि अष्टांगिक मार्ग हा त्याचा विषय. या सुत्ताचे नाव ‘धम्मचक्कप्पवत्तन’, धम्माचे चाक चालते करणे. आणि तिथे या चाकाला जे विशेषण लावले आहे ते वाचताना नाणेघाटाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही : ‘अप्पटिवत्तिय’. श्रमण, ब्राह्मण, देव, मार, ब्रह्मा, जगात कोणीही ज्याला उलटे फिरवू शकत नाही असे. श्रीलंकेच्या परंपरेप्रमाणे पाली तिपिटक प्रथम लिहून काढले गेले ते इ.स.पू. पहिल्या शतकात, नाणेघाटचा लेखही बहुतेक विद्वान त्याच शतकात ठेवतात. म्हणजे एकीकडे भिक्खू ताडपत्रावर न उलटणारे चाक लिहीत होते आणि एकीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर न अडणारे चाक कोरले जात होते. कोणी कोणाकडून घेतले, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. भाषा राजसत्तेची, सर्वांच्या ओळखीची होती. बौद्धांनी ती जाणूनबुजून उचलली आणि तिचा अर्थ आतून बदलला.

तो कसा बदलला, हे ‘सुत्तनिपाता’तील सेल नावाच्या ब्राह्मणाच्या प्रसंगात दिसते. सेल बुद्धाला म्हणतो, तुमची लक्षणे चक्रवर्तीची आहेत, तुम्ही राज्य करायला हवे. बुद्ध उत्तर देतो की मी राजाच आहे, पण धम्माचा. चाक मी चालवतो, तेही धम्मानेच. सेल पुढे विचारतो, मग तुमचा सेनापती कोण, तुमच्यानंतर हे चाक कोण चालवील? बुद्ध नाव घेतो सारिपुत्ताचे. मुलाचे नाही, भावाचे नाही.

याहून धारदार आहे ‘दीघनिकाया’तील चक्कवत्तिसीहनाद सुत्त. दळ्हनेमी नावाच्या चक्रवर्तीचे दिव्य चक्ररत्न आपल्या जागेवरून सरकते. राजा समजतो, मुलाला राज्य देतो आणि घर सोडतो. सातव्या दिवशी चक्र नाहीसेच होते. मुलगा घाबरून बापाकडे धावतो. बाप सांगतो की हे चक्र तुझी वडिलोपार्जित मिळकत नव्हे. धर्माने राज्य कर, मग ते आपोआप प्रकटेल. पिढ्यामागून पिढ्या असे चालते. मग एक राजा असा येतो की तो वडीलधाऱ्यांना विचारून इतर सगळे करतो, पण निर्धनांना धन देत नाही. दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या, हत्येतून खोटे बोलणे. माणसाचे आयुष्यमान घटत घटत दहा वर्षांवर येते. चाक थांबण्याचे कारण या कथेत शत्रू नाही. गरिबाच्या हाती काही न ठेवणे हे आहे. नाणेघाटात मागच्या भिंतीवर वंशावळ उभी करून राजाने आपल्या अडथळाहीन चक्राची ग्वाही दिली, आणि इथे कथा म्हणते की चक्र वंशातून येतच नाही. दोन्ही वाक्ये एकाच काळातल्या समाजाने ऐकलेली आहेत.

पुढच्या बौद्ध परंपरेने या दोन चाकांना चक्क दोन नावे दिली. बुद्धघोषाच्या विनय-अट्ठकथेत राजगृहाच्या पहिल्या संगीतीची हकिगत आहे. तिथे अजातशत्रू भिक्खूंना सांगतो की आज्ञाचक्र माझे, धम्मचक्र तुमचे. म्हणजे हुकूम चालवणे राजाचे काम, धम्म चालवणे संघाचे. भारहुतच्या स्तूपावरील एक शिल्प याच्या शेजारी ठेवून पाहावे. वर एका शाळेत माळ घातलेले मोठे चक्र आहे आणि त्यावर ‘भगवतो धमचकं’ असे लिहिले आहे. खाली कोसलचा राजा प्रसेनजित चार घोड्यांच्या रथातून निघाला आहे. बुद्धाची मूर्ती नाही. राजाची चाके रस्त्यावर आहेत, बुद्धाचे चाक जागच्या जागी उभे आहे, आणि दर्शनाला राजा आला आहे.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातही याचा एक पुरावा होता. सोपारा आता 2014 पासून पालघर जिल्ह्यात गेले. पण 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला तेव्हा ते ठाण्यातच होते. शेजारच्या भुईगावला आणखी एक तुकडा सापडला तो 1956 मध्ये. आठव्या लेखाचा विषय प्रवासाचा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकारीला आणि मौजेला निघत. अशोक राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला, बोधगयेला गेला, आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली : श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि दान, वृद्धांची विचारपूस, गावोगावच्या लोकांशी बोलणे. रथ तोच, पण तो आता माणसे भेटायला निघाला. सारनाथच्या स्तंभशीर्षावरील चक्रांचा अर्थ लावताना मी तरी हा सोपाऱ्याचा तुकडा आधी वाचतो.

आता पुन्हा घाटाकडे. कल्याणहून दोन वाटा देशावर चढतात. एक शहापूर, कसारा, थळघाट करत नाशिकला. दुसरी मुरबाड, नाणेघाट करत जुन्नरला. दोन्हींच्या वरच्या टोकाला बौद्ध लेणी आहेत, हा योगायोग नाही. दामोदर धर्मानंद कोसंबींनी हे डोंगर पायी तुडवून लेणी आणि व्यापारी वाटा यांचा संबंध दाखवला. (वडिलांनी, धर्मानंदांनी, मराठीला पाली ग्रंथ उघडून दिले आणि मुलाने त्या ग्रंथांच्या वाटा चालून पाहिल्या, असे बापलेक विरळा.) लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर एक छोटा लेख आहे. ते चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिले. हेरणिक म्हणजे सोनार. कल्याणचा हा माणूस जुन्नरला ज्या सरळ वाटेने गेला असेल ती मुरबाडातूनच जाते. खाली पळू-सोनावळ्याला, गणेश गडदला, लोकांच्या फारशा ध्यानात नसलेली लेणी आहेत. वाटेवरच्या माणसांना आणि भिक्खूंना तीही उपयोगी पडली असणार. राजाचे चक्र जकात घेत होते, आणि त्याच वाटेवरचा सोनाराचा मुलगा धम्माला घर बांधून देत होता. पुढे सातवाहनही यात आले. नाशिकचे तिसरे लेणे गौतमी बलश्रीने, पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात, भदावनीय पंथाच्या भिक्खूंना दिले. अश्वमेध करणाऱ्या घराण्यातील बाईने भिक्खूंना लेणे द्यावे, यात त्या काळाला काही विसंगत वाटले नाही.

पण चाकाचा सगळ्यात खोल अर्थ मला राजांच्या कथांत सापडत नाही. तो सापडतो ‘अंगुत्तरनिकाया’तील सुताराच्या कथेत. ही कथाही बुद्धाने इसिपतनातच सांगितली आहे, जिथे पहिले चाक फिरले तिथेच. पचेतन नावाचा राजा रथकाराला बोलावतो : सहा महिन्यांनी लढाई आहे, चाकांची नवी जोडी करशील का? रथकार हो म्हणतो. सहा महिन्यांना सहा दिवस उरतात तेव्हा एकच चाक झालेले असते. सहा दिवसांत दुसरे होईल का? होईल. तो करतो आणि दोन्ही घेऊन येतो. राजाला दोघांत फरक दिसत नाही. मग रथकार सहा दिवसांचे चाक ढकलतो. जोर असेतो ते धावते, मग डगमगते आणि पडते. दुसरे ढकलतो. तेही जोर असेतो धावते, आणि जोर संपला की आखावर बसवल्यासारखे उभे राहते. फरक काय? पहिल्याच्या धावेत, आऱ्यांत, तुंब्यात वाकडेपणा, गाठी, पोकळ लाकूड होते, दुसऱ्यात नव्हते. आणि बुद्ध सांगतो, तो रथकार मीच होतो. तेव्हा लाकडाचा वाकडेपणा ओळखण्यात कुशल होतो, आता काया-वाचा-मनाचा वाकडेपणा ओळखण्यात आहे.

चक्रवर्तीच्या भाषेत चाकाचा गुण म्हणजे धावणे, कोणालाही न अडणे. सुताराच्या भाषेत चाकाची परीक्षा जोर संपल्यावर होते. टोकावड्याच्या बाजूला एका म्हाताऱ्या सुताराला मी ही कथा सांगितली होती. त्याने आयुष्यभर बैलगाड्या केल्या. आता गावात सगळ्या गाड्या टायरच्या. धाव चढवायची म्हणजे लोखंडी पट्टी लाल होईतो तापवायची, पुठ्ठ्यांवर बसवायची आणि लगेच पाणी मारायचे. पट्टी आवळते तशी आरे तुंब्यात घट्ट बसतात. कथा ऐकून तो म्हणाला, “सहा दिसांत व्हईल की. पण लाकूड सुकलं पायजे ना. वलं लाकूड आज सरळ दिसतं, उन्हाळ्यात वाकडं व्हतं.” मग विचार करून म्हणाला, “पहिल्या चाकाला सहा महिने का लागले, ते तुझ्या राजाला कळलं नसंल.” पाली अट्ठकथांत या कथेवर जे लिहिले आहे त्यापेक्षा मला हे भाष्य उजवे वाटते. निदान त्याला चाक कसे होते ते ठाऊक होते.

आऱ्यांच्या संख्येबद्दल आपल्याकडे फार बोलले जाते, म्हणून थोडे. आठ आरे म्हणजे अष्टांगिक मार्ग, हा अर्थ सुंदर आहे आणि प्रचारात आहे. पण प्राचीन शिल्पांतील चक्रांचे आरे मोजले तर आठच्या हिशेबाने कोणी बांधलेले दिसत नाहीत. सारनाथच्या स्तंभशीर्षाच्या कड्यावरील चक्रांना 24 आरे आहेत, आणि सिंहांच्या वर जे मोठे चक्र होते त्याला 32. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात बुद्धासनाखाली चक्र आणि दोन हरणे आहेत. तिथे महत्त्व मृगदावाच्या खुणेला आहे, आऱ्यांच्या आकड्याला नाही. 24 आऱ्यांचे 24 गुण सांगणारी फलके शाळाशाळांत लागलेली असतात. मुलांना पाठ करायला ती बरी आहेत. जुन्या कारागिराने ती यादी समोर ठेवून छिन्नी चालवली, असे मात्र कोणी समजू नये.

22 जुलै 1947 रोजी संविधानसभेने राष्ट्रध्वज स्वीकारला तेव्हा चरख्याच्या जागी सारनाथचे चक्र आले. ध्वजासाठी नेमलेल्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. लोकसभेत अध्यक्षांच्या आसनावर ‘धर्मचक्रप्रवर्तनाय’ ही अक्षरे आली. म्हणजे अजातशत्रूने वेगळी केलेली दोन चाके स्वतंत्र भारताने एका चित्रात एकत्र आणली : राज्याचे चिन्हही तेच आणि धम्माचेही. हे चांगले झाले की नाही, यावर वाद घालता येईल. माझे मत असे की दळ्हनेमीच्या कथेची आठवण ठेवली तर चांगलेच झाले.

नऊ वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्या दिवसाला नाव पडले धम्मचक्र प्रवर्तन दिन. ‘धर्मांतर’ हा शब्दही चालला, पण रूढ झाला तो ‘प्रवर्तन’. त्याच वर्षी 7 डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या चितेपाशी भदंत आनंद कौसल्यायन यांनी हजारो लोकांना दीक्षा दिली. शहापूर-मुरबाडची वाडी-वस्ती मुंबईपासून एका गाडीच्या अंतरावर. गिरणीत, गोदीत, रेल्वेत कामाला गेलेल्यांच्या हातून ती दीक्षा गावी परतली.

या गावांत बौद्ध होणे म्हणजे काय होते, ते वतन समजल्याशिवाय कळत नाही. महार वतन ही वंशपरंपरागत चाकरी होती : सरकारी माणसाचे ओझे नेणे, निरोप पोचवणे, हद्द दाखवणे, हाक येईल तेव्हा हजर होणे. मोबदला थोडी इनाम जमीन आणि बलुते, तेही मिळेल तेव्हा. जिथे गाडी जात नाही तिथे ओझे डोक्यावर, हे या डोंगराळ तालुक्यांत निराळे सांगायला नको. बाबासाहेबांनी 1928 मध्येच मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. ते पार पडले नाही. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा आला तो 1958 मध्ये, त्यांच्या निधनानंतर. म्हणजे बापाकडून मुलाकडे येणारी चाकरी कागदावर संपण्याच्या दोन वर्षे आधी, वस्तीने स्वतः एक चाक घेतले होते, ज्याबद्दल सुत्त सांगते की ते बापाकडून येत नाही.

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पहिल्या उपदेशाची मांडणी वेगळी केली. चार आर्यसत्यांना त्यांनी मध्यभागी ठेवले नाही. ती मूळ शिकवणीत होती का, याबद्दलच त्यांनी प्रस्तावनेत शंका घेतली. विशुद्धीचा मार्ग, सदाचाराचा मार्ग, शीलाचा मार्ग अशी रचना केली. पाली पंडितांना यावर आक्षेप आहेत आणि काही वाजवी आहेत. पण शीलाला चाकाचा तुंबा मानायचे, तर ते इसिपतनातल्या सुताराच्या कथेशी अधिक जुळते, हे आक्षेप घेणाऱ्यांनी पाहिलेले नाही.

गेल्या काही वर्षांत शहापूर आणि मुरबाडच्या गावांतील विहार मी सवडीने पाहत आलो. जिथे पूर्वी महारवाडा म्हणत तिथे आता बुद्धवाडा, पंचशीलनगर अशी पाटी असते. विहार म्हणजे बहुधा एकच खोली, सिमेंटची, वर पत्रा किंवा स्लॅब. तिथेच वंदना, तिथेच लग्नाची बोलणी, परीक्षेच्या दिवसांत मुलांचा अभ्यास, पावसाळ्यात कोणाचे घर गळले तर मुक्काम. कमानीवर चक्र असतेच : कुठे आठ आऱ्यांचे, कुठे चोवीस, कुठे लोहाराने गजाच्या तुकड्यांतून जमेल तेवढे बसवलेले. मी आरे मोजतो आहे हे पाहून शहापूरकडच्या एका वस्तीत एका आजींनी विचारले, “काय मोजतोस?” मी सांगितले. त्या म्हणाल्या, “पत्र्याचं होतं आधी. वाऱ्यानं उडालं. मग वर्गणी काढून हे लोखंडाचं केलं. आता रंग द्यायचा आहे, दसऱ्याच्या आत.” आणि वर्गणीची वही दाखवायला त्या आत गेल्या.